सातबारा आपला, नांगर दुसऱ्याचा: गावाकडच्या जमिनीचे कागद, ताबा आणि ‘बारा वर्षां’चा प्रश्न

गावाकडच्या जमिनीचा विषय निघाला की पुण्या-मुंबईत राहणारी माणसं एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात. “शेत बाबांच्या नावावर आहे, पण पंधरा वर्षं चुलते कसतायत. बारा वर्षं झाली की जमीन कसणाऱ्याची होते म्हणतात. गेली का आमची?” बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असंच असतं. पण सगळ्याच वेळा नाही, आणि तो फरक वेळेवर न कळल्यामुळे लोकांच्या जमिनी गेलेल्या आहेत.

आमच्या घरी हे घडलंय. आजोबा १९९८ साली गेले. वडील तेव्हा मुंबईत नोकरीला. वारस नोंद ‘पुढच्या मे महिन्यात करू’ म्हणत राहून गेली. मधल्या काळात शेजारच्या शेतकऱ्याने पाइपलाइन टाकली, बांध नांगरला आणि ऊस लावला. २०१७ मध्ये मोजणी करून घेतली तेव्हा आमचे नऊ गुंठे त्याच्या उसात निघाले. एकोणीस वर्षं. त्यानंतर तलाठी, तहसील, भूमी अभिलेख आणि वकील यांच्याकडे घातलेल्या खेपांतून जे समजलं ते इथे क्रमाने लिहितोय. हा क्रम पाळा: आधी कागद, मग वारस, मग मोजणी, आणि भांडण करायचंच असेल तर सगळ्यात शेवटी. गावोगाव हे नेमकं उलटं होतं. आधी बांधावर हातघाई, मग पोलीस ठाणं, आणि दोन वर्षांनी वकील विचारतो, “फेरफार आणलाय का?” (फेरफार म्हणजे सातबाऱ्यावर झालेल्या बदलाची नोंद.)

हे सगळं मुख्यतः महाराष्ट्रातल्या शेतजमिनीबद्दल आहे.

सातबारा काय सांगतो आणि काय सांगत नाही

सातबारा हा मालकीचा दस्त आहे असं आपण सगळेच धरून चालतो. तो आहे महसुली अभिलेख. शेतसारा कुणाकडून घ्यायचा, जमीन कोण कसतं, तीत काय पिकतं, हे सरकारला कळावं म्हणून ठेवलेला. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद, दोन्ही एका कागदावर छापले म्हणून सातबारा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम १५७ सांगतं की ही नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानायची. म्हणजे पारडं तुमच्या बाजूला झुकतं, पण मालकी सिद्ध होत नाही. फेरफाराने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने किती वेळा सांगितलंय त्याला गणती नाही.

मालकी येते ती खरेदीखतातून, वारशातून, वाटणीतून, बक्षीसपत्रातून, मृत्युपत्रातून किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यातून. सातबारा ही त्या घटनेची सावली. सावली चुकीची पडली तर दुरुस्त करता येते. मूळ दस्तच नसेल, तर सातबाऱ्यावर नाव असूनही कोर्टात अडचण होते.

अजून एक गैरसमज. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवला म्हणजे सरकारने मालकीची हमी दिली असं होत नाही. आपल्याकडे नोंदणी दस्ताची होते, मालकीची नव्हे. विकणाऱ्याची जमीन खरंच त्याची आहे का, हे शोधायची जबाबदारी घेणाऱ्यावरच असते.

पहिली पायरी: कागदांची साखळी जुळवणे

आजचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) महाभूमीच्या संकेतस्थळावरून काढा. एका सातबाऱ्याला १५ रुपये लागतात. मग तो नीट वाचा, कारण त्यावरचा एकेक शब्द पैशाचा असतो.

भोगवटादार, म्हणजे जमीनधारक, वर्ग १ असेल तर विकायला सहसा परवानगी लागत नाही. वर्ग २ म्हणजे शर्तीची जमीन: सरकारने दिलेली, इनाम-वतनाची, किंवा कुळकायद्यात मिळालेली. ती परवानगीशिवाय विकली तर व्यवहार अडकतो. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.पु.’ दिसलं तर त्या माणसाचं नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा पुढारी म्हणून लागलंय. इथेच भावकीतली निम्मी भांडणं जन्म घेतात. थोरल्या काकांचं एकट्याचं नाव दिसतं म्हणून धाकट्यांची मुलं समजतात की आपला हक्क गेला. तो गेलेला नसतो. ती नोंद कोणत्या फेरफाराने झाली ते शोधलं की काका कुणाच्या वतीने उभे होते ते कळतं. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर एखादं नाव कंसात दिसेल. कंस झाला म्हणजे ते नाव कमी झालं. का कमी झालं, हे त्या शेजारच्या फेरफार क्रमांकात असतं.

‘इतर हक्क’ हा रकाना घाईत सुटतो. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वाट, कुळाचं नाव, पुनर्वसनाचा शेरा, सगळं तिथे असतं.

सातबाऱ्यावर गोलात लिहिलेला प्रत्येक फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि गाव नमुना सहामधून त्याची नक्कल मागा. एका फेरफारातून मागचा फेरफार सापडतो, त्यातून त्याच्या मागचा. जुनी दप्तरं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्या स्कॅन प्रती ऑनलाइनही मिळतात. निदान १९५०च्या दशकापर्यंत मागे जा. त्या काळात दोन मोठ्या उलथापालथी झाल्या, कुळकायदा आणि एकत्रीकरण योजना. एकत्रीकरणात जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, आणि क्षेत्राच्या चुका बहुतेक तिथेच घुसल्या. म्हणून जुना सर्व्हे नंबर आणि त्याचं क्षेत्र माहीत असणं फार गरजेचं आहे. मोजमाप लक्षात ठेवा: एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर असतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्यापेक्षा किंचित कमी.

सगळं मिळालं की एका मोठ्या कागदावर वंशावळ काढा आणि प्रत्येक नावापुढे साल, दस्त, फेरफार क्रमांक लिहा. आमच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत हा तक्ता मागितला होता. आमच्याकडे तो नव्हता, आणि तीन महिने त्यातच गेले.

दुसरी पायरी: वारस नोंद

मयत माणसाच्या नावावर जमीन राहू देणं हा आपल्याकडचा सर्वांत महाग आळस आहे. कलम १४९ प्रमाणे वारशाने हक्क मिळाला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. (तलाठ्याला आता अधिकृतपणे ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठीच.) उशीर झाला तरी हक्क बुडत नाही. अर्ज, मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं-वयं-पत्ते आणि प्रतिज्ञापत्र द्यायचं. अर्ज ई-हक्क प्रणालीतूनही करता येतो. नाव आधी वारस नोंदवहीत, म्हणजे सहा-क मध्ये जातं, मग फेरफार पडतो.

फेरफार पडला की नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आली तर ती तक्रारी नोंद होते, सुनावणी होते आणि निकाल मिळतो. तो मान्य नसेल तर साठ दिवसांत प्रांताकडे अपील. हे साठ दिवस दारावर लिहून ठेवा. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गावातले चालू फेरफार घरबसल्या दिसतात. महिन्यातून एकदा तिथे आपला गट नंबर बघायची सवय लावली, तर आपल्या मागे कुणी नोंद टाकत असेल तर वेळेत कळतं.

बहिणींची नावं लावताना पुरुष मंडळी कचरतात, हे मी अनेक घरांत बघितलंय. कायद्यात इथे संदिग्धता उरलेली नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहहिस्सेदार केलं होतं. देशभर तो बदल ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं. बहिणीचं नाव वगळून केलेली नोंद आज ना उद्या उलटते. तिला हिस्सा सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हा एकच नीट मार्ग. साध्या कागदावर घेतलेली सही कोर्टात टिकत नाही, आणि तशी सही घेणं मला स्वतःला बरोबरही वाटत नाही.

वारस नोंद झाली म्हणजे वाटणी झाली असं समजू नका. सगळ्यांची नावं एकाच गटावर येतात, तुकडा कुणाचा कोणता हे ठरत नाही. त्यासाठी नोंदणीकृत वाटणीपत्र, किंवा सर्वांची संमती असेल तर कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज. संमती नसेल तर दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा.

तिसरी पायरी: मोजणी

अतिक्रमण आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. ‘आमच्या आजाने लावलेला आंबा हद्दीवर होता’ या साक्षीला फार किंमत नसते. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. हा अर्ज ऑनलाइनही होतो. पोटहिस्सा मोजणी वेगळी, तिला सर्व सहधारकांची संमती किंवा आदेश लागतो.

दिवस निवडताना शहाणपण वापरा. उभ्या उसात मोजणी धड होत नाही. तोड झाल्यावर, उन्हाळ्यात मोजणी येईल असं बघा. भूमी अभिलेख खात्याकडून लगतधारकांना नोटीस जाते. तरीही तुम्ही स्वतः जाऊन सांगा, “दादा, अमुक तारखेला मोजणी आहे, तुम्हीही या.” त्यामुळे निम्मा राग तिथेच उतरतो. त्या दिवशी भूकरमापक खुणा करेल, त्यांचे फोटो काढा, हद्दीचे दगड लगेच पुरा, आणि हजर लोकांचे जबाब नोंदले गेलेत ना बघा. नंतर ‘क’ प्रत म्हणजे अधिकृत नकाशा मिळतो. सगळ्या पुढच्या लढाईत हाच कागद बोलतो. मोजणी कुणाला मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते.

एक गोष्ट पक्की समजून घ्या: भूकरमापक हद्द दाखवतो, ताबा देत नाही. मोजणी झाली म्हणून दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घालू नका.

चौथी पायरी: कसणारा कोण आहे?

आता मूळ प्रश्न. परक्याचा बारा वर्षं ताबा राहिला की जमीन त्याची होते, याला कायद्यात प्रतिकूल ताबा म्हणतात. मुदत कायदा, १९६३ मधल्या अनुच्छेद ६५ प्रमाणे मालकाने ताबा परत मिळवण्याचा दावा बारा वर्षांत लावायचा असतो. ही बारा वर्षं ताबा मालकाच्या विरोधात झाल्या दिवसापासून मोजतात. ती संपली की कलम २७ प्रमाणे मालकाचा हक्कच विझतो.

सगळं वजन ‘विरोधात’ या शब्दावर आहे. नुसतं कसणं पुरत नाही. कसणाऱ्याने सिद्ध करायचं असतं की ताबा उघड होता, अखंड होता, मालकाची मालकी नाकारून होता, तो कोणत्या तारखेपासून सुरू झाला, आणि खरा मालक कोण हे त्याला ठाऊक होतं. सिद्ध करायचा भार त्याच्यावर. ‘ही जमीन मी विकत घेतली’ आणि ‘ती प्रतिकूल ताब्याने माझी झाली’ ही दोन्ही म्हणणी एकत्र टिकत नाहीत, कारण दुसऱ्यात मालक तुम्ही आहात हे आधी मान्य करावं लागतं. म्हणून कसणारा कोणत्या नात्याने आत आला, यावर सगळं ठरतं.

भावकी असेल, म्हणजे चुलते, सख्खा भाऊ, चुलतभाऊ, तर बारा काय, चाळीस वर्षं कसली तरी जमीन आपोआप त्यांची होत नाही. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांचा ताबा मानतात. त्याने तुम्हाला स्पष्ट सांगितलं असेल की ‘तुझा यात काही संबंध नाही’, तुमचा हिस्सा उघडपणे नाकारला असेल, आणि त्यानंतर तुम्ही बारा वर्षं गप्प बसला असाल, तरच धोका.

तुमच्याच परवानगीने कसत असेल, राखणदार म्हणून ठेवलेला असेल, ओळखीतून दिलं असेल, तरीही ताबा प्रतिकूल नसतो. परवानगीचा ताबा कितीही जुना झाला तरी परवानगीचाच राहतो. अडचण एवढीच की परवानगी तोंडी असते, देणारा वारलेला असतो आणि घेणाऱ्याची पुढची पिढी ती विसरलेली असते. म्हणून आजच दोन ओळी लिहून घ्या: जमीन अमक्याची, मी त्यांच्या परवानगीने कसतो, सही, तारीख, दोन साक्षीदार. कसणाऱ्याने मालकी लेखी मान्य केली की त्याचा ताबा ‘विरोधात’ आहे असं म्हणायला जागा उरत नाही.

खंडाने किंवा वाट्याने दिली असेल तर प्रश्न वेगळा, तो कुळाचा. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषक दिन, या दिवशी कसणारी कुळं मालक मानली गेली. मराठवाडा आणि विदर्भात कायदे वेगळे होते. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या माणसाला त्यामुळे जमीन मिळाली, आणि ते योग्यच झालं. पण त्यानंतर दिलेल्या जमिनीवरही कुळाचा दावा येऊ शकतो, आणि तसा दावा उभा राहिला की दिवाणी कोर्ट तो मुद्दा तहसीलदाराकडे पाठवतं. प्रकरण वर्षानुवर्षं तिथेच लोंबकळतं. वाट्याने देताना त्यामुळेच वकिलाकडून करार करून घ्या.

पीक पाहणीकडे लक्ष ठेवा. २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या ॲपवर खातेदाराने स्वतः पीक नोंदवायचं असतं. दर हंगामात ते करा. सातबाऱ्यावर नाव नसलेला माणूस कसताना दिसला तर तलाठ्याने परस्पर त्याचं नाव लावायचं नसतं. नमुना १४ भरून तहसीलदाराकडे पाठवायचा असतो, आणि निर्णय चौकशीनंतर होतो. तुम्हाला न कळवता तसं नाव लागलं असेल तर तिथेच हरकत घ्या.

‘साठेखत’ (पुढे विकण्याचा नुसता करार) किंवा शंभराच्या स्टँपवर नोटरी केलेला कागद दाखवणारा भेटेल. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जमीन नोंदणीकृत खरेदीखताशिवाय विकली जात नाही, आणि कुलमुखत्यारपत्रावर ‘विकलेल्या’ जमिनीची मालकी बदलत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प निकालात सांगितलं. पण तुमच्या वडिलांनी खरंच पैसे घेऊन ताबा दिला असेल, तर वकिलाला ते आधी सांगा. लपवू नका.

राहिला बांध सरकवणारा शेजारी किंवा नुसता घुसलेला परका. खरा धोका इथे आहे, आणि आमची गोष्ट हीच होती.

पाचवी पायरी: ताबा परत घेणे

घड्याळ बघा. घुसखोरी नुकतीच झाली असेल तर सहा महिन्यांत दोन सोपे रस्ते आहेत. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा, हा शेतजमिनीचा ताबा, शेतवाट आणि पाटाचं पाणी या तिन्हींसाठी चालतो. किंवा विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली दिवाणी कोर्टात दावा. त्यात मालकी सिद्ध करावी लागत नाही, फक्त इतकंच की ताबा तुमचा होता आणि तो कायदा डावलून काढला गेला. हे दोन्ही रस्ते सहा महिन्यांनी बंद होतात. गावात तेवढा वेळ ‘बसून मिटवू’ म्हणण्यात सहज जातो. बैठक जरूर घ्या, पण तारीख मोजत घ्या.

सहा महिने उलटले तर मालकीवर आधारित ताब्याचा दावा, बारा वर्षांच्या आत. सोबत तूर्तातूर्त मनाई हुकूम मागता येतो, आणि कोर्ट कमिशनरमार्फत मोजणीही.

वकिलाची नोटीस पाठवली म्हणजे बारा वर्षांची मोजणी थांबली, हा समज अगदी शिकलेल्या माणसांतही आहे. नोटिसीने ती थांबत नाही. थांबते ती दावा दाखल केल्याने, प्रत्यक्ष ताबा परत घेतल्याने, किंवा समोरच्याने तुमची मालकी मान्य केल्याने. जमीन तुम्ही दुसऱ्याला विकली तरी बारा वर्षांची मोजणी नव्याने सुरू होत नाही.

पोलिसांकडे अनधिकृत प्रवेशाची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली होऊ शकते, पण ‘हे दिवाणी आहे’ असं उत्तर ऐकायची तयारी ठेवा. माणसं घेऊन पीक उपटू नका. स्थिर झालेला ताबा असलेल्या माणसाला खरा मालकसुद्धा जबरदस्तीने काढू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पूना राम प्रकरणात पुन्हा सांगितलं. हात उगारलात तर तुमची बाजू तुम्हीच घालवाल.

आणि सलोखा योजना विसरू नका. तुमची जमीन त्याच्याकडे आणि त्याची तुमच्याकडे अशी अदलाबदल बारा वर्षांहून जास्त काळ झालेली असेल, तर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार एवढ्यात दस्त होतो. ती सध्या चालू आहे का, हे तहसीलमध्ये विचारून घ्या.

तुम्हीच कसणारे असाल तर

हा लेख वाचणारा प्रत्येकजण सातबाऱ्यावरचा नसेल. बांधापलीकडे उभ्या माणसाचाही कायदा आहे. खासगी जमिनीवर तुमचा ताबा खरंच उघड, अखंड आणि विरोधात बारा वर्षं असेल तर तुम्ही स्वतः पुढे होऊन दावाही लावू शकता; फक्त बचावातच ते म्हणता येतं ही जुनी अडचण २०१९ च्या रविंदर कौर ग्रेवाल निकालाने दूर झाली. त्यासाठी वीजबिलं, पीक पाहणी, पावत्या, झाडांचं वय, जुने फोटो असं सालवार जमवावं लागतं. पण आधी मालक सापडतो का ते बघून नोंदणीकृत खरेदीखत होतंय का, हे विचारा. कोर्टाच्या पंधरा वर्षांपेक्षा ते स्वस्त पडतं.

सरकारी जमिनीला मुदत तीस वर्षांची आहे. गायरानाबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग निकालात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली. ग्रामपंचायतीची घरपट्टी भरली म्हणजे जागा आपली झाली असं मुळीच नाही. ती कराची पावती आहे. गावठाणातल्या घरांसाठी मात्र २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळतात. चौकशीच्या वेळी गावात हजर राहा, नाव चुकीचं लागलं तर नंतर धावपळ होते.

वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचा हक्क हा उपकार नाही, तो २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केलेला आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेली, जास्तीत जास्त चार हेक्टर जमीन मिळते. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा, निदान दोन पुरावे जोडायचे, आणि गावातल्या वृद्धांचा लेखी जबाब हासुद्धा पुरावा आहे. कागद नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर हे सांगा. समितीकडून पोच घ्या, दावा फेटाळला तर लेखी कारण मागा, आणि साठ दिवसांत वरच्या समितीकडे जा. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी पायी आले, त्यांच्या मुख्य मागण्यांत हीच एक होती. मिळालेली जमीन वारशाने जाते, पण विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची स्वतःची जमीनसुद्धा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही, मग कागद कितीही चकचकीत असो.

आमच्या नऊ गुंठ्यांचं काय झालं

वकिलांनी सगळं बघून सांगितलं, “एकोणीस वर्षं झालीत. बांध नक्की कोणत्या साली सरकला हे त्यांनाही सिद्ध करता येणार नाही आणि तुम्हालाही. दावा जिंकाल, पण मुलाच्या लग्नापर्यंत.” मग वडील एकटेच शेजाऱ्याकडे गेले. ‘क’ प्रत सोबत नेली. त्यांच्या पडवीत तीन बैठका झाल्या, दोनदा आवाज चढले. शेवटी नऊपैकी पाच गुंठे त्यांनी सोडले, आणि पाइपलाइन ज्यातून जाते ते चार गुंठे आमच्याकडून चालू दराने विकत घेतले. त्यांचा गट आमच्या गटाला लागून असल्याने तुकडेबंदीची (फार लहान तुकडा विकण्यावरच्या बंदीची) अडचण येत नाही, हे वकिलांनी आधीच तपासलं होतं. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत झालं, त्यात आत्याच्याही सह्या होत्या आणि तिचा हिस्सा तिच्या खात्यात गेला. फेरफार पडला, पंधरा दिवस आम्ही रोज चावडीच्या संकेतस्थळावर बघत होतो. प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा काढला, क्षेत्र पुन्हा आरमध्ये मोजून पाहिलं, आणि पाच गुंठ्यांच्या कडेला दगड पुरले. दगड पुरताना एका बाजूचं पहार शेजाऱ्यांच्या मुलाने धरलं होतं.